गॅरेजमधला मांचुरिया

—आणि गंमत म्हणजे मावशी, आपण हरणार हे त्यांना आधीच माहीत होतं! कोण म्हणजे जपानी गं. तू विचारलंस ना, शाळा काय म्हणते म्हणून, तर शाळा हेच म्हणते — मॉडर्न हिस्टरी, ओरल प्रेझेंटेशन, विषय जपानची युद्धाची आखणी आणि आर्थिक नाकेबंदी. माझी अशी पंचाईत असते बघ. कोणी 'कशी आहेस' विचारलं तर तोंडातून 'बरी' निघत नाही, आणि निघालंच काही तर एकोणीसशे एक्केचाळीस निघतं. तू थांबू नकोस, तू पॅक कर, उद्या ट्रक येणार ना तुमचा. हे तुझं मोदकांचं पातेलं इथे ओट्यावर ठेवते, आणि ग्लास मी गुंडाळते — कागद कुठलाही चालेल? — बरं झालं, हातात काही असलं की मला बोलता येतं. आणि तू माझ्याकडे बघत नाहीयेस तेही बरं. तू मला गाडी शिकवायचीस तेव्हा तसंच व्हायचं — दोघींनी समोर रस्त्याकडे बघायचं, मागे पिवळी एल प्लेट, पर्थच्या वाटेवर कूलगार्डी येईपर्यंत मी गप्प आणि सदर्न क्रॉस येईपर्यंत माझं तोंड बंद होत नसे. आईचा विश्वास नाही बसला. म्हणाली, 'मेधाशी? देवयानी? बोलते?' जसं काही मी गाडी नाही, विमान चालवून आले होते.

ओरल कसं गेलं? काय सांगू. उभी राहिले, हातात कार्डं, पहिलं वाक्य बोलले, दुसरं बोलले, तिसऱ्याला मागून कोणीतरी म्हणालं, 'मिस, ती म्यूटवर आहे.' अख्खा वर्ग हसला. आणि वाईट कशाचं वाटलं सांगू? जोक चांगला होता. मलाही हसू आलं. आणि ते हसू मात्र सगळ्यांना ऐकू गेलं — म्हणजे जपानच्या तेलाच्या साठ्यावर बोलताना ही मुलगी मोठ्याने हसली आणि बाकी काहीच बोलली नाही, एवढंच वर्गाच्या लक्षात राहिलं. मिसने शेरा दिला, अभ्यास उत्तम, आवाज शोधावा. शोधावा! जसा काही तो सोफ्याखाली गेलाय.

पण विषय, मावशी — ऐक ना, दोनच मिनिटं. पहिलं महायुद्ध चाललं होतं तेव्हा जपान तसा लांबच होता, पण त्यांचे अधिकारी युरोपात काय चाललंय ते बारकाईने बघत होते. आणि काय दिसलं त्यांना? जर्मनी नुसता रणांगणावर हरला नाही, जेवणाच्या टेबलावर हरला. ब्रिटिशांनी समुद्र बंद केला, बोटी येईनात, बटाटे संपले, माणसं गुरांना घालायचे कंद उकडून खायला लागली. झालं, जपानी अधिकाऱ्यांनी धसकाच घेतला. आपल्याकडे तेल नाही, लोखंड नाही, रबर नाही आणि चारी बाजूंनी समुद्र — उद्या कोणी आपली वाट अशी अडवली तर? मग उपाय काय? तर कोणी अडवायच्या आत आपणच दुसऱ्याचं घेऊन ठेवायचं. मांचुरिया घेतला — नाही गं, गोबी मांचुरियन नाही, तू पण ना, बाबाही हेच म्हणाले — चीनच्या ईशान्येचा मुलूख, कोळसा, लोखंड, सोयाबीन. तेवढ्याने भागेना म्हणून पुढे चीनमध्ये घुसले. आणि ते जितकं घेत गेले तितके बाकीचे बिथरत गेले आणि एकेक वस्तू द्यायची बंद करत गेले. आधी विमानाचं पेट्रोल, मग भंगार लोखंड, शेवटी सगळंच तेल. म्हणजे बघ, नाकेबंदी होईल या भीतीने जे केलं, त्यानेच नाकेबंदी ओढवून घेतली! आणि यात आपणही होतो, माहितेय? ऑस्ट्रेलियाने अडतीस साली लोखंडाच्या खनिजाची निर्यात बंद केली. कारण काय दिलं, तर आमच्याकडेच लोखंड बेताचं आहे! पिलबरा, मावशी, अख्खे डोंगर लोखंडाचे! रवीकाका घरी आले की सांग त्यांना, जन्मभर खाणीत काम केलंय, खुर्चीतून पडतील.

हसतेस ना? हस. म्हणजे त्यांच्यावर नको, लाखो माणसं मेली त्यात, ते हसण्यासारखं नाहीच. माझ्यावर हस. कारण हे सगळं वाचताना मला सारखं वाटत होतं, अरेच्चा, या लोकांना मी ओळखते. हे तर आमच्या गॅरेजमध्ये राहतात.

नाही, ऐक, टाळू नकोस. गणपतीपासून कोणी हा विषय काढत नाहीये, आणि मी काढतेय म्हणजे बघ काय वेळ आलीये. कालगुर्लीतल्या सगळ्या मराठी घरांची रसद कोण आणणार? तू. दर महिन्याला ग्रुपवर तुझा मेसेज — 'शनिवारी पर्थला निघतेय, कोणाला काय?' — की प्रत्येकाचं सुरू, तूरडाळ, पोहे, कढीपत्ता, फ्रोझन खोबरं. इथल्या दुकानात मिळत नाही असं नाही, पण मिळेलच असंही नाही, आणि मोदकाचं पीठ मागितलं की तो माणूस केकचं पीठ काढून दाखवतो. सहाशे किलोमीटर जायचं, डिकी भरायची, परत यायचं. आणि आमचा फ्रीझर मोठा म्हणून सगळा माल आधी आमच्या गॅरेजमध्ये. तू बोट आणि आम्ही बंदर. छान चाललं होतं की नाही? मग ऑगस्टच्या त्या फेरीत मेरेडिनच्या पुढे तुला फोन आला, तू स्पीकरवर घेतलास, आणि तो एजंट म्हणाला, पर्थमधलं तीन बेडरूमचं घर, जानेवारीपासून. तू घाईने बंद केलास आणि मला म्हणालीस, देवू, अजून कोणाला बोललो नाहीये हां, रवीकाकाच्या ऑफिसात कळायला नको. मी काय म्हणाले? नो वरीज. नो वरीज! माझ्यासमोर रोडट्रेन, डबे जोडलेला तो लांबच लांब ट्रक, तिचे डबे संपतच नाहीत, आणि मला रस्ता दिसत नव्हता — आणि मी म्हणतेय नो वरीज. तू म्हणालीस, शाबास, अंतर चांगलं ठेवतेयस. अंतर कसलं ठेवतेय, माझा पाय पेडलवरून सुटला होता.

घरी आले आणि टेबलाशी बसून आखणी केली. खरंच केली. ते अधिकारी करायचे तशीच. मावशी गेली तर काय काय बंद होईल, काय किती पुरेल. डाळ म्हणजे तेल, ती सगळ्यात महत्त्वाची. पोहे म्हणजे रबर. कढीपत्ता हा नैतिक धैर्याचा भाग. आणि मग फ्रीझर उघडून गणपतीचं जे खोबरं आलं होतं, सगळ्या घरांचं, त्यातली काही पाकिटं मी आइस्क्रीमच्या डब्यामागे सरकवली आणि वर मार्करने लिहिलं, राखीव साठा. झाला माझा मांचुरिया. आई नाइट शिफ्ट करून हॉस्पिटलातून आली होती, तिला म्हटलं मी थोडं मागे ठेवतेय, ती म्हणाली ठेव बाई काय ठेवायचं ते. मंत्रिमंडळाची मंजुरी! तिला वाटलं मी मटार म्हणतेय. मग पुढे कधीतरी तिने विचारलं, एवढं खोबरं कशाला गं? — आणि मी, जी वर्गात हजेरीला 'येस' म्हणत नाही, नुसता हात वर करते, ती मी घडाघडा सगळं बोलले, तुझ्या पर्थच्या घराचंसुद्धा. ते तर तुला गणपतीच्याच दिवशी कळलं, आईला माझ्याशिवाय आणखी कोण सांगणार होतं.

पण आईचा चेहरा तू नाही पाहिलास. तू फक्त गणपतीच्या दिवशीचा पाहिलास, तो वेगळा होता. सगळ्या बायका उकडीने माखलेल्या हातांनी बसलेल्या, सारण कमी पडलं, तू गॅरेजमध्ये गेलीस, आणि पाकीट असं चिमटीत धरून परत आलीस — 'चित्रा, बाप्पाच्या नैवेद्यापासूनसुद्धा राखीव का गं?' तू चेष्टेत म्हणालीस. मला कळलं होतं चेष्टा आहे, तुझी भुवई वर होती. आईलाही कळलं असतं, पण ती दोन आठवडे आतल्या आत शिजत होती ना. तिने म्हटलं, 'तू चाललीयेस ना पर्थला घर घेऊन, मग आम्ही आमची सोय नको करायला?' आणि आरतीचं ताट घेऊन दारात कोण उभं? नरेंद्रकाका. रवीकाकांच्याच ऑफिसातले. ज्यांना कळायला नको होतं त्यांच्या हातात निरांजन. मला इतकं हसू येत होतं मावशी, भीतीने येतं तसं, मी मखरामागे जाऊन उभी राहिले आणि गणपतीच्या पाठीकडे बघत बसले. गणपतीला मागून कोणी रंगवत नाही, तेव्हाच पाहिलं.

आणि मग नाकेबंदी. ऑक्टोबरात तुझा मेसेज नाही. आई म्हणाली, बघ, आपल्याला वगळलं. नोव्हेंबरात नाही. म्हणाली, नवा ग्रुप केला असेल आपल्याशिवाय. मी म्हटलं, शिस्तीत राहू, पुरवून पुरवून वापरू. मावशी, आम्ही दिवाळीला कॉर्नफ्लेक्सचा चिवडा केला — हो, सगळेच करतात, पण लोक हौसेने करतात, आम्ही कडवट तोंडाने केला. वूलीज सुपरमार्केटची लाल मसूर आणून तिची आमटी, रोज, बाबा साइटवरून आले की म्हणायचे, आज पण? — आणि आई म्हणायची, युद्ध चालू आहे. फोडणीला कढीपत्त्याची दोन पानं, तीसुद्धा जेवताना ज्याच्या ताटात येतील त्याने शेजारच्याला दाखवायची. आणि मी हेर. नरेंद्रकाकांचा सोहम माझ्या शाळेत आहे ना, त्याच्या डब्यात मला पोहे दिसले, पोहे, वर ओलं खोबरं! घरी येऊन रिपोर्ट दिला — शत्रू इतरांना माल पुरवतोय, आपल्यालाच बंद आहे. आई त्या दिवशी जेवली नाही धड.

काय? काय म्हणालीस? ... पर्थला गेलीच नाहीस? म्हणजे कोणालाच — म्हणजे ऑक्टोबरात पण नाही? मग सोहमचे पोहे? ... त्याची आजी? नागपूरहून? बॅगेत घालून? अगं पण — थांब, हा ग्लास ठेवते खाली, फुटायचा. म्हणजे नाकेबंदी नव्हतीच? आम्ही दोन महिने वेढ्यात राहिलो, पानं मोजून फोडणी दिली, आणि वेढा घालणाऱ्याला पत्ताच नाही! हे तर जपानलासुद्धा नाही जमलं. त्यांना निदान समोरून खरंच कोणीतरी तेल बंद केलं होतं. आम्ही आमचं आम्हीच बंद करून बसलो. मी हेर म्हणून काय लायकीची आहे बघ — पोहे पाहिले, आजी नाही पाहिली. अख्खी आजी!

पण तू का नाही गेलीस? पॅकिंग तर आत्ता सुरू झालं. ... एकटीने जायचा कंटाळा म्हणजे? आधी तर तू एकटीच जायचीस, मी यायला लागायच्या आधी. ... हां. ... नाही, काही नाही. हा कागद संपला, दुसरा दे.

हा खडखडाट खाणीतल्या ब्लास्टचाच ना? अजून दचकायला होतं. पर्थमध्ये नसेल हे. तिकडे कपाटातल्या बश्या शांत राहतील तुझ्या.

काय सांगत होते? हां, हरणार हे माहीत होतं. ते राहिलंच. एक्केचाळीस साली तिथल्या सरकारने काही तरुण हुशार लोकांना एकत्र बसवलं, आणि म्हणाले, युद्ध झालं तर काय होईल ते कागदावर खेळून बघा. ते मन लावून खेळले — तेल किती, बोटी किती, बुडतील किती — आणि उत्तर आलं, सुरुवातीला जिंकू, पण लांबलं की हरणार. मोठ्यांच्या समोर जाऊन सांगितलं. तर मंत्री काय म्हणाले? छान अभ्यास केलात, पण खरं युद्ध कागदासारखं नसतं. म्हणजे आवाज शोधावा! त्यांची घाई वेगळीच होती, तेल रोज संपत होतं ना, म्हणून वाटत होतं, आत्ता लढलो नाही तर पुढे लढताच येणार नाही. मीपण घरी खेळून पाहिलं, कागदावर. गेल्या शनिवारी नरेंद्रकाकांकडे तुमचा निरोपाचा कार्यक्रम होता ना, त्याला आई गेली नाही तर काय होईल. उत्तर काढायला काही अक्कल लागत नाही. मी आईला सांगितलं, आई, आपण हरणार. ती म्हणाली, तुझं अभ्यासातलं अभ्यासात ठेव. मी गप्प बसले. मला तेच चांगलं येतं.

पण त्या शनिवारी साडी नेसली होती तिने. ती हिरवी, तू आणलेली. नेसून पलंगाच्या कडेला बसली, पर्स मांडीवर, गाडीची किल्ली हातात. मी दारातून दोनदा बघून गेले. दुपार झाली तशीच. मग उठली, साडी बदलली आणि किचनची फरशी पुसायला घेतली, जी सकाळीच पुसली होती. मी मदतीला गेले तर म्हणाली, तू सरक, ओलं आहे. ... हे सांगायचं नव्हतं मला. हे तू ऐकलंच नाहीस असं कर.

तू गाणं म्हटलंस म्हणे शनिवारी? सोहम सांगत होता, मध्येच थांबलीस. असो. मला काय, मी तर नुसती — मावशी, एक सांगू? मला खोबरं आवडतसुद्धा नाही. मोदकातलं सारण मी आईच्या ताटात काढून ठेवते आणि वरची उकड खाते. लहानपणापासून. तेव्हा मी ते का लपवलं असेन असा प्रश्न कोणी विचारलाच नाही, सगळ्यांना वाटलं हावरट आहे. वाटू दे. फ्रीझरमध्ये जे ठेवता येत होतं ते ठेवलं, बाकीचं कुठे ठेवणार होते? पुढच्या वर्षी टेस्ट आहे माझी, ड्रायव्हिंगची. बाबा शिकवतील म्हणाले. बाबा माझ्याकडे बघत शिकवतात.

बरं, मी निघते. उशीर झाला. पातेलं द्यायचं आणि दोन मिनिटांत बाहेर यायचं असं ठरलं होतं, आणि मी इथे — बाहेर म्हणजे घरी. बाहेर म्हणजे आपलं — घरी जायचं असं. कोणाशी ठरलं होतं? माझं माझ्याशीच. मी ठरवते कधी कधी. ... अगं पडदा कशाला सरकवतेस, ऊन येईल आत. नको ना, मावशी.

हो. तीच. शेजारच्यांच्या झाडाखाली आईची गाडी. एसी लावून बसलीये. मी सांगणार नव्हते, शप्पथ, ती म्हणाली, मी आलेय हे बोललीस तर बघ. आत येणार नाही, मेधा स्वतः बाहेर आली तरच उतरेन म्हणाली. आणि तूही म्हणणार, ती उंबऱ्यापर्यंत आली तरच बोलेन. मग राहिलंच की सगळं. उद्या ट्रक आला की तुझं काय, तू निघून जाशील, ती पुन्हा फरशी पुसेल. मध्ये एक जाळीचं दार आणि रस्त्याकडेची ती गवताची नेचरस्ट्रिप आहे फक्त, कोणी तरी एकाने — मी मध्यस्थी करणार होते, बाहेर जाऊन तिला सांगणार होते की तू बोलावलंयस, आणि इथे तुला सांगणार होते की ती माफी मागतेय, दोन्ही खोटं, रात्रभर पाठ केलं होतं, आणि इथे आल्यावर तोंडातून काय निघालं, तर जपान.

टेप का खाली ठेवलीस? ... मावशी? तू रागावलीयेस का? मला तुझी भुवई नीट दिसत नाहीये. काय बोलणार आहेस तिला? भांडायचं असेल तर भांड, ती ऐकेल, तिला सवय — मी येऊ का? ... बरं. इथेच थांबते. ग्लास गुंडाळते. मावशी, पण चपला! अगं चपला घाल, बाहेर काँक्रीट किती तापलंय, माव—